कापसाची धूळ आणि कर्माचे फळ

कामातून जडलेल्या आजाराची भरपाई कामगाराने मागावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटतो. परंतु दुखणे हे पूर्वकर्माचे फळ मानणाऱ्या समाजात त्याला धर्माचीही बाजू येते, कारण जो भोग आपल्याच कर्माने ओढवला त्याचे दाम दुसऱ्याकडे कोणत्या हक्काने मागायचे, अशी शंका मागणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मनात आधी उभी राहते. ज्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या कापूस, जिनिंग म्हणजे सरकी वेगळी काढण्याचे काम, आणि गिरण्या यांवर पोसला गेला त्या खानदेशात या शंकेचा विचार विशेष औचित्याचा आहे. ज्या अमळनेरात प्रतापशेठ यांची कापडगिरणी उभी राहिली, तेथेच त्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले आणि अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाला आश्रय दिला.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा, माती आणि जिवाणूंचे विषारी अंश या धुळीत मिसळलेले असतात, आणि गिरणीत गाठी जेथे फोडल्या जातात ती ब्लो रूम व त्यापुढचे कार्डिंग खाते येथे ती सर्वाधिक उडते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत उतार पडतो. वर्षे लोटली की उतार पडेनासा होतो आणि श्वासाचा त्रास कायमचा जडतो. ॲस्बेस्टॉस या उष्णतारोधक खनिजाचे तंतू फुप्फुसात रुतून जो ॲस्बेस्टॉसिस होतो, त्याच्या खुणा क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसतात. बिसिनोसिसची अशी खास खूण उमटत नाही, म्हणून विडीचा खोकला, दमा किंवा क्षय असे नाव देऊन तो बाजूला सारणे सोपे जाते.

कायद्याने या बाबतीत घेतलेली भूमिका स्पष्ट आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात कामगाराचे आरोग्य हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचे अंग ठरवले, ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे प्रमाणित होईल त्या कामगाराला १ लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी काम सुरू झाल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्यास कारखान्यांना सांगितले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस आणि बिसिनोसिस हे दोन्ही आजार एकाच भागात नोंदलेले होते. ठरावीक काळ ते काम केलेल्या माणसाला तो आजार झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो कामावर झालेला अपघातच समजला जाई.

यावर कर्मवाद्याचा आक्षेप असा की, मालक हा केवळ निमित्त आहे, भोग मात्र ज्याचा त्याचा आहे. आजाराचे मूळ पूर्वजन्मीच्या पापात शोधणाऱ्या विचाराला कर्मविपाक म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षयरोग जडतो असे सांगितलेही आहे. परंतु त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात, दुसऱ्याच्या शरीराला इजा करणाऱ्याने जखमी माणूस बरा होईपर्यंतचा खर्च, म्हणजे समुत्थानव्यय, सोसावा असा नियम आहे. जखमी माणसाचे पूर्वकर्म काय होते, ही चौकशी तो नियम करीत नाही. निमित्त असणे हीच सबब पुरेशी मानली, तर चोर आणि मारेकरी हेही निमित्तच ठरतील आणि दंडाचे सारे शास्त्र निरर्थक होईल.

कर्मसिद्धान्ताच्या पोटातच या आक्षेपाचे उत्तर आहे. न्यायदर्शनाने आणि शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याने दोन दोष टाळण्यासाठी हा सिद्धान्त आवश्यक मानला: केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे, हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याला भोगावे लागणे, हा अकृताभ्यागम. जन्मजन्मांतरांची साखळी मांडली गेली ती या दोन्ही दोषांपासून सृष्टीची व्यवस्था मुक्त राहावी म्हणून. आता धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवायची नाही असा निर्णय एकाने घेतला, त्यातून वाचलेला पैसा त्याच्याकडेच राहिला आणि श्वास मात्र दुसऱ्याचा कोंडला, तर व्यवहारात हे दोन्ही दोष एकाच वेळी घडतात. ते पुढच्या जन्मी फिटतील असे म्हणून आज स्वस्थ बसणे म्हणजे सिद्धान्त पाळणे नव्हे, तर त्याने ज्याला दोष म्हटले त्याला हातभार लावणे होय. अद्वैतानेही जगाला मिथ्या म्हणताना व्यवहाराच्या पातळीवर प्रमाण, कर्तव्य आणि देणे यांची सत्ता नाकारलेली नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी वैधव्य सोसूनही ज्योतिषाला दारातून परत पाठवणारी कविता रचली, यावरून श्रद्धा आणि दैवशरणता एक नव्हेत हे या प्रदेशाला ठाऊक होते असे दिसते.

१९२३ च्या कायद्यातील एक तरतूद या दृष्टीने मननीय आहे: कामगाराने अनेक मालकांकडे काम केले असेल, तर न्याय्य वाटेल त्या प्रमाणात भरपाई त्या सर्वांवर वाटली जाई. फळ एकच आणि कर्ते अनेक असताना प्रत्येकाचा वाटा ठरवण्याचे, परंपरेने अदृष्टाकडे, म्हणजे कर्माच्या न दिसणाऱ्या शक्तीकडे, सोपवलेले काम येथे भरपाई ठरवणाऱ्या आयुक्ताला करावे लागे. मात्र हा न्याय खानदेशातील जिनिंगच्या कामगारापर्यंत सहज पोहोचत नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्याने कापसाच्या जिनिंगला हंगामी कारखाना म्हणून वगळले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती वगळणूक कायम ठेवली. शिवाय काही महिन्यांच्या हंगामात ठेकेदारामार्फत राबलेल्या माणसाजवळ हजेरीचा कागदही नसतो, आणि आजार दिसू लागतो तेव्हा काम सुटून वर्षे झालेली असतात. कर्म घडले आहे, पण त्याची नोंद नाही, अशी ही अवस्था आहे.

म्हणून भरपाई ही दया नव्हे आणि दानही नव्हे. दानाने देणाऱ्याला पुण्य लाभते असे मानले जाते. देणे फेडल्याने पुण्य लाभत नाही, केवळ ऋण उतरते, आणि धर्मशाळा बांधणाऱ्या दात्याच्या डोक्यावरही ते ऋण तसेच राहू शकते. फुप्फुस पैशाने परत मिळत नाही हे खरे. तरीही कर्त्याला त्याच्या कर्माशी जोडणे एवढे काम भरपाई करते, आणि कर्मसिद्धान्ताची मूळ मागणी तीच असल्याने, दावा दाखल करणारा श्रद्धाळू कामगार आपल्या श्रद्धेला बाध आणीत नाही. नोंदी जपणे आणि हंगामी कामगाराला विम्यात घेणे, ही कामे मात्र अदृष्टावर सोडता येणारी नाहीत. ती कारखानदारांची आणि शासनाची आहेत.