न सांगितलेली बातमी

खोटे बोलू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. पण खरे ठाऊक असून गप्प बसणे यालाही पाप म्हणावे की काय, हे सहसा कोणी सांगत नाही. मलाही हा प्रश्न पुष्कळ दिवस पडला नव्हता. तो पडला लातूरला, आमच्याच गल्लीत, २०१६ च्या उन्हाळ्यात.

आमची गल्ली गंजगोलाईच्या अंगाला आहे. फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यावरून १९१७ साली उभी राहिलेली ही दुमजली, वर्तुळाकार पेठ. मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सोने, कुठे पादत्राणे, कुठे गूळ आणि मिरची. अशा ठिकाणी मालाबरोबर बातमीही येते आणि मालापेक्षा लवकर खपते.

गल्लीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. नवरात्रातले कार्यक्रम, सिद्धेश्वराची यात्रा, सुरत शाहवली दर्ग्याचा उरूस, कोणाकडचे भजन, कोणाचे देहावसान, सारे एकाच खडूने त्यावर लिहिले जाई. अक्षर वेडेवाकडे असे; शुद्धलेखनाचे तर नावच नको. पण त्याचा एक मोठा गुण होता: जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तो सारखेच सांगे. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारी उभा असलेला वाचून दाखवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तर फळ्याचीही वाट कोणी पाहिली नाही. ज्याला कळले त्याने पुढच्या दाराची कडी वाजवली आणि दुपारपर्यंत घराघरांतून भाकरी बांधल्या गेल्या. आमची गल्ली मनाने मोठी आहे, असे तेव्हापासून मी समजत आलो.

पुढे हातोहाती फोन आले. बातम्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गेल्या आणि फळा बहुधा कोरा राहू लागला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

२०१६ साली मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. साऱ्या देशात त्याची बातमी झाली. पण आमच्या गल्लीला हवी असलेली बातमी याहून पुष्कळ लहान होती: टँकर केव्हा येणार?

एका रात्री एका ओळखीच्या माणसाने मला फोनवर सांगितले, की टँकर अकराला येतो आहे. मी दोन-तीन घरांना कळवले आणि पिंपे, घागरी बाहेर काढून ठेवल्या. समोर एक वृद्ध बाई एकट्या राहत. सारे त्यांना आक्का म्हणत. त्यांच्याकडे फोन नव्हता. त्यांचे दार माझ्या दारापासून वीस पावलांवर. पण मी ती चाललो नाही. विसरलो असे मी पुढे कित्येकांना सांगितले. खरे तर मला आठवण होती. माझी तीन पिंपे भरायची होती.

सकाळी आक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, रात्री पाणी आलं होतं म्हणं?"

मी म्हटले, "होय आक्का."

"मला झोप लागली असंल," त्या म्हणाल्या.

मला जे आदल्या रात्रीच पक्के ठाऊक होते, ते त्यांना 'म्हणे' लावून, ऐकीव म्हणून मिळाले. आणि दोष त्यांनी आपल्या झोपेला दिला. मी दोन घागरी नेऊन दिल्या. त्यांनी मला आशीर्वाद दिला. तो घेताना मला फार जड गेले.

वाचक म्हणतील, टंचाईत माणूस आधी आपल्या मुलाबाळांचे पाहणार. त्यात गुन्हा तो काय? मीही मनाची अशीच समजूत घातली होती. पुढे नांदेडला माझ्या आजोळी गेलो असता एक दुपार हुजूर साहिबच्या लंगरात जेवलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला ते हे स्थान. तेथे पंगत सर्वांना खुली असते. जेवायला कोणाची ओळख लागत नाही आणि कोणी कानात येऊन सांगावेही लागत नाही. जे सर्वांना पुरते, त्याची बातमी लपवण्याचे कारणच उरत नाही. पानावर बसल्या बसल्या मला कळले, की भूकंपाच्या दिवशी मी जे औदार्य समजलो होतो त्याची परीक्षाच झाली नव्हती. ती बातमी सांगितल्याने आमचे काही जाणार नव्हते. ज्या बातमीने आपले काही जात नाही ती सांगणे हा नुसता शिष्टाचार. जी सांगितल्याने आपल्या वाट्याची एक घागर कमी होते, ती सांगणे हा शेजारधर्म. घागर आधी कोणी भरावी, यावर वाद घालता येईल. परंतु रांगेत उभे राहण्याची संधीच दुसऱ्याच्या हातून काढून घेणे, हे पाणी चोरण्याहून फारसे वेगळे नाही.

आता फळ्यावर नळाची वेळ मी लिहितो. त्याने मागचे काही फिटत नाही.

आक्का दोन वर्षांनी गेल्या. ती बातमीही त्याच फळ्यावर मीच लिहिली, चांगल्या ठळक अक्षरात. सारी गल्ली आली. ही बातमी सांगायला मला मुळीच उशीर झाला नाही.