आहे तसं, सगळंच्या सगळं

जेवणं उरकली की नवी मुंबईतल्या बोनकोड्याच्या गावठाणात थोडी सामसूम होते. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आजूबाजूला कोपरखैरण्याचे सेक्टर आणि मधे खेटून उभ्या राहिलेल्या घरांचं हे जुनं गाव. अशा वेळी निवांत बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. एक जुनी सीडी आणि एक जुनी हार्डडिस्क, एवढंच आज समोर घ्यायचं आहे. दोन्ही समजून घ्यायच्या आहेत आणि समजून घेता घेता वाचवायच्या आहेत.

आधी सीडी हातात घ्या, पण लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. घरातल्या एखाद्या लग्नाची व्हिडिओ सीडी असेल. मधली कितीतरी वर्षं लग्नाचं शूटिंग अशाच सीडीवर मिळायचं, आणि आगरी घरात हळदीच्या रात्रीचं चित्रण लग्नाइतक्याच हौसेने व्हायचं. तिला कडेने धरा. खालच्या बाजूला ओरखडा पडू नये म्हणून आपण जपत असतो, पण खरी नाजूक बाजू वरची आहे. चकाकणारा थर लेबलाच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ लेपाआड असतो. कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात उमटवलेली असते, आणि रंगद्रव्य उन्हाने, दमटपणाने विटत जातं. खाडीकाठच्या हवेत ही सीडी किती पावसाळे राहिली असेल, याचा थोडा विचार करा.

आता डोळे मिटा आणि तिच्यात काय असेल ते आठवा. मांडव, बायकांचा घोळका, हळदीने माखलेले हात, आणि धवलारीण. लग्नाचे विधी धवले गात पुढे नेणारी ही बाई. तिची गाणी बहुतेक तोंडी चालत आलेली, ऐकून शिकलेली. व्हिडिओ सीडीतलं चित्र अवघं ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आजच्या पडद्यावर धूसरच दिसणार. पण आवाज स्पष्ट असतो. कॅमेरावाला नाचणाऱ्यांकडे वळलेला असला तरी धवलारणीचा आवाज मागून येतच राहतो. चित्रण करताना कोणी ठरवून जपलेली ही गोष्ट नव्हे. आपोआप आत आली. माझ्या मते त्या सीडीतलं सर्वांत मोलाचं तेच आहे.

आपोआप आलेलं जपायचं तर प्रत कशी करावी? आपण सहसा फोल्डर उघडतो, फाइल ओढतो, दुसरीकडे टाकतो. म्हणजे आपल्याला दिसलं आणि कळलं तेवढं घेतो. डिस्क इमेज वेगळी असते. ती सीडीला विचारत नाही की तुझ्यात कोणत्या फाइली आहेत. ती पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे माहितीच्या ठरावीक मापाच्या पहिल्या तुकड्यापासून, शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं एका सलग फाइलीत उतरवून घेते. ७४ मिनिटांच्या सीडीत असे ३,३३,००० सेक्टर असतात, आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या पाचएक किलोमीटर लांबीच्या एकाच सर्पिल रेषेवर.

इथे थांबावं लागतं, कारण साधी आयएसओ इमेज प्रत्येक सेक्टरमधून २,०४८ बाइट घेते. डेटा सीडीला ते पुरतं. तिच्या सेक्टरमधला उरलेला बहुतेक भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेला असतो. व्हिडिओ सीडीने त्यातली बरीचशी जागा चित्रासाठीच वापरली आहे, म्हणून तिच्या सेक्टरात २,३२४ बाइट चित्र-आवाजाचे असतात. तिला साध्या आयएसओच्या मापाने मोजलं तर फोल्डर दिसतात, आणि हळद मात्र राहून जाते. तिच्यासाठी पूर्ण २,३५२ बाइटचा सेक्टर उचलणारी कच्ची प्रत हवी, बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडी. बिनमध्ये सगळा मजकूर, क्यूमध्ये कोणता ट्रॅक कुठून सुरू होतो याचा छोटासा आराखडा. दोन्ही एकत्र ठेवा. क्यू फाइल चार-सहा ओळींची दिसते म्हणून ती टाकून देऊ नका.

आता सीडी लावा आणि वाचनाचा वेग कमी ठेवा. एखाद्या जागी ड्राइव्ह अडेल, घरघरेल, पुन्हा पुन्हा तिथेच जाईल. त्या आवाजाने अस्वस्थ व्हायला होतं. खराब हार्डडिस्कसाठी आणि डेटा सीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो अडलेल्या जागेशी झुंजत बसत नाही. आधी सहज वाचता येतं ते सगळं घेतो, राहिलेल्या जागांची नोंद एका नकाशात ठेवतो आणि मग त्या जागांकडे परत येतो. आज दहा सेक्टर राहिले, उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर तोच नकाशा देऊन प्रयत्न केला, तर त्यांतले काही मिळतात. पद्धत म्हणून मला हे फार पटतं. हाताशी असलेलं आधी सुरक्षित करावं, मग हट्ट धरावा.

प्रत झाली की तिची एसएचए-२५६ बेरीज काढून फाइलीशेजारी लिहून ठेवा. पुढे कधीही तीच बेरीज आली तर एक बाइटही बदललेला नाही याची खात्री. मूळ इमेज फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा. आता श्वास सोडा, हळद वाचली.

हार्डडिस्ककडे वळू. ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरमधली, चार-सहा जीबीची, आत विंडोज ९८. अशा यंत्रांवर गावात काय टाइप व्हायचं? लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, मंडळाचे हिशेब. आणि अर्ज. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षं चालणारे अर्ज, स्मरणपत्रं, वारसांच्या याद्या, सर्व्हे नंबर. एखाद्या घराच्या जमिनीचा इतिहास अशा हार्डडिस्कवर अजूनही पडलेला असू शकतो.

तिचीही इमेज त्याच पद्धतीने करा, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. डिस्क चार जीबीची तर इमेजही चार जीबीची, आत फाइली कितीही थोड्या असोत. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत पुसलेल्या फाइलींचे अवशेषही उतरतात. यावर जरा रेंगाळा. कोणी तरी एक पत्र लिहिलं, पाठवायचं नाही असं ठरवून पुसलं, आणि ते आता तुमच्याकडे आलं. पुसणाऱ्याची इच्छा पाळायची की नाही, हे तंत्र सांगणार नाही. मी म्हणेन, इमेज पूर्ण ठेवा, पण अशी पानं उकरायला जाऊ नका, आणि इमेज कोणाच्याही हाती सहज देऊ नका.

मग फाइलीच का नको, आख्खी डिस्क कशाला, असं मनात येईल. तर त्यातली एखादी मराठी फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडून बघा. इंग्रजी अक्षरं, कंस, विचित्र चिन्हं यांची रांग दिसेल. त्या काळच्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपले तुकडे बसवले होते: कुठे काना, कुठे अर्धा म, कुठे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाइलीत अक्षर नाही, फक्त खण क्रमांक आहे. त्या खणात काय होतं ते फॉन्टलाच ठाऊक. आणि तो फॉन्ट, तो वर्ड किंवा पेजमेकर, ते विंडोज, सगळं त्याच डिस्कवर आहे. म्हणजे अर्ज जपायचा तर तो ज्याला वाचता येतो तेही सोबत जपायला हवं.

आता त्या इमेजला एक यंत्र देऊ. इथे दोन रस्ते आहेत. व्हर्च्युअल मशीन तुमच्या लॅपटॉपचाच प्रोसेसर वापरतं आणि आतल्या विंडोजला फक्त एक मर्यादित खोली आखून देतं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ही कल्पना १९६० च्या दशकात आली. आज महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांमधला केवढा तरी कारभार अशाच मशीनांवर चालतो. एम्युलेटर मात्र प्रोसेसरच उभा करतो, एकेक सूचना घेऊन तिचं सोंग वठवतो. तो हळू चालतो, आणि जुन्या विंडोजसाठी हळू असणं कधी कधी हिताचंच, कारण आजच्या वेगात ते अडखळतं. व्हर्च्युअलबॉक्सवर विंडोज ९८ रुसलं तर ८६बॉक्स किंवा क्यूएमू वापरा. तुमचा लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा असेल तर एम्युलेटरशिवाय पर्यायच नाही.

मूळ इमेज जोडू नका. तिच्यावर एक वेगळी थराची फाइल बसवा. आत जे काही बदलेल ते त्या थरात लिहिलं जाईल, खालची इमेज अस्पर्श राहील. त्या आभासी यंत्राचं नेटवर्क कार्ड काढून टाका. या विंडोजला ११ जुलै २००६ नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही. आता सुरू करा आणि हात मागे घ्या.

ढगांचा पडदा येतो. थोडं थांबतं. मग नवीन हार्डवेअर सापडल्याच्या सूचना एकामागून एक येऊ लागतात, कारण जागं झाल्यावर त्याला सगळंच अनोळखी दिसतं: वेगळा डिस्प्ले, वेगळा मदरबोर्ड. ते विंडोजची सीडी मागेल. जुन्या पेटीतल्या तुमच्या सीडीची आयएसओ करून ती त्याच्या आभासी ड्राइव्हमध्ये घाला. ते नेहमीसारखं वाचू लागेल. सीडी खरी नाही हे त्याला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. तुम्ही फक्त हो म्हणत राहा, न वैतागता.

मग अर्जांचं फोल्डर उघडा. एक फाइल निवडा. अक्षरं मराठी होऊन समोर येतील, त्याच वळणाची, तशाच ओळी तुटलेल्या. लगेच वाचू नका. आधी फक्त पाहा. आजोबांचं नाव असेल, खाली सहीसाठी सोडलेली जागा असेल.

मराठी टाइप करण्याचा प्रोग्राम उघडला नाही तर घाबरू नका. त्या काळी अशा काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक असे. ते प्लास्टिकचं बोटभर खोकं कोणत्याही इमेजमध्ये येत नाही. घरात कुठे असेल तर हार्डडिस्कसोबत बांधून ठेवा. वाचण्यापुरतं तुमचं काम फॉन्टवर भागतं.

आतलं बाहेर आणायचं तर १.४४ एमबीची एक रिकामी फ्लॉपी इमेज जोडा, अर्ज तिच्यावर कॉपी करा, मशीन बंद करा आणि ती फ्लॉपी लॅपटॉपवर उघडा. त्या फॉन्टचं रूपांतर युनिकोडमध्ये करणारं साधन मिळालं तर ते वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली आहे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं इथे चूक होते. म्हणून दोन खिडक्या शेजारी ठेवा, डावीकडे विंडोज ९८ मधला अर्ज आणि उजवीकडे नवा मजकूर, आणि एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहा. आधी सर्व्हे नंबर आणि गुंठे, मग तारखा, मग वारसांची नावं. ‘म्हात्रे’ हे आडनाव जिथे जिथे येतं तिथे खास थांबा: अर्धा म आहे का, ‘त्र’ नीट जुळला आहे का. घरातलं वडीलधारं माणूस जवळ बसलं असेल तर नावं मोठ्याने वाचा. यादीतला कोण कोणाचा, हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही. ते सांगतील तसं प्रत्येक नावापुढे लिहून घ्या.