जटायूचे दान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर इंदूरच्या एका गुरुबंधूंनी माऊलींपुढे मन मोकळे केले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, स्वतः कोरोनातून बरे झाल्यावर, त्यांनी एका अनोळखी रुग्णासाठी प्लाझ्मा दिला होता. चौथ्या दिवशी तो रुग्ण गेला. पुढे १७ मे २०२१ ला कोरोनाच्या उपचारांच्या सरकारी सूचनांतून प्लाझ्मा काढूनच टाकला. "माऊली, माझं दान वाया गेलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांच्या मनात आहे.

ते दिवस आठवा. आपल्या ग्रुपवर सारखे मेसेज यायचे, अमक्या रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर, पातळ भाग. आजारातून उठलेल्याच्या प्लाझ्मात त्या विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडीज असतात. त्या दुसऱ्याला दिल्या तर तोही वाचेल, ही आशा होती. १९१८ च्या साथीतही डॉक्टरांनी असा प्रयत्न केला होता. पण आशा वेगळी आणि पडताळा वेगळा. आयसीएमआरने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर हे तपासून पाहिलं. प्लाझ्मा दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत, आजार बळावण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात खास फरक दिसला नाही.

माऊली क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जटायूला विचारा."

म्हातारा जटायू रावणावर धावून गेला. सीता सुटली नाही, उलट त्याचेच पंख गेले. फळ पाहिलं तर त्याची झुंज वाया गेली. पण रामरायांनी तसा हिशोब मांडला का? त्यांनी पित्यासारखे त्याचे अंत्यसंस्कार केले. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जाता जाता जटायूने सीतेला कोणत्या दिशेला नेलं ते सांगितलं. त्या ४६४ रुग्णांच्या तपासणीसाठीही कुणीतरी प्लाझ्मा दिलाच होता ना? हा रस्ता नाही, एवढी दिशा त्या दानानेच दाखवली.

आपल्या एका भगिनीला तर रक्तपेढीतून परत पाठवलं होतं. गरोदरपणात स्त्रीच्या रक्तात अशा काही अँटीबॉडीज तयार होऊ शकतात, ज्या दुसऱ्या रुग्णाला अपाय करतात. म्हणून मुलंबाळं झालेल्या बायकांचा प्लाझ्मा तेव्हा घेत नसत. ताई फार हिरमुसल्या होत्या. ताई, तुम्ही दारापर्यंत गेलात, ते देवाने पाहिलं.

तेव्हा मंडळी, दोन गोष्टी मनात धरू. "माझ्यामुळे वाचला" हा अहंकार जसा सोडायचा, तसंच "माझं फुकट गेलं" हे दुःखही सोडायचं. दोन्हींत 'मी'च आहे. आणि सत्य कळल्यावर ते मानायचं. जुने प्लाझ्माचे मेसेज पुन्हा फिरवणं ही सेवा नव्हे.

मग देणं थांबवायचं का? मुळीच नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, आणि तिथे रक्ताचा उपयोग होतो का, हा प्रश्नच नाही. १८ ते ६५ वयाच्या, ४५ किलोच्या वर वजन आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेल्या निरोगी माणसाला रक्तदान करता येतं. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. परत आलेल्या ताईंनाही हे दार उघडं आहे. आजारातून उठला असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, घाई नको.

त्या गुरुबंधूंनी निघताना माऊलींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, रक्तपेढीत जाऊन येतो." आपणही घरात बसून ठरवूया, यंदा कुणाच्या वाढदिवसाला कोण जाणार.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥