बँक नाही म्हणते, आणि तू हो म्हणून मोकळा?

बस इथे. चहा नंतर. दहावीला गणितात शाबासकी घेऊन गेलेला तू, कुरकुंभ एमआयडीसीत महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा तू, आणि अकरा गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर अकरावं नाव लावायला निघालास? वर ऐटीत सांगतोस, "सर, बँक लोन देत नाही, म्हणून तर गुंठा स्वस्त मिळतोय!" अक्कल गहाण टाकून आलास की काय?

बँक का देत नाही, हे बँकेला विचारलंस? नाही. एजंटाला विचारलंस. तो म्हणाला, कागदांची कटकट नको. कटकट त्याला नको, निस्तरायची तुला!

काढ तो सातबारा. आता बोट ठेवून दाखव, यात तुझा गुंठा कुठला? पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण? नाही ना सांगता येत? खरेदीखताच्या मसुद्यातल्या चतुःसीमा अख्ख्या अकरा गुंठ्यांच्या आहेत. एजंटाने फक्की मारून दाखवलेली रेघ मोजणीच्या नकाशात नाही. पहिल्या पावसात ती रानातूनही जाईल. १९४७ चा तुकडेबंदी कायदा चुकवायला अकरा जणांना एकत्र बांधलंय, एवढंच. एनए नाही, मंजूर लेआउट नाही, वेगळी हद्द नाही. मग बँकेने गहाण काय ठेवून घ्यायचं, तुझी हौस?

"पण सर, तुकडेबंदी आता उठली ना?" अर्धवट ऐकायची खोड अजून गेली नाही तुझी. २०२५ साली ढील मिळाली ती विकास आराखड्यात, प्रादेशिक योजनेत रहिवासी वगैरे वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना. तुझ्या गटाचा झोन दाखला काढलास? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

आता हिशेब. प्लॉटला लोन मिळेना म्हणून सहा लाखांचं पर्सनल लोन, चौदा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे १३,९६० रुपये. व्याजच होतं दोन लाख सदतीस हजारांच्या वर. हे धरून सांग, गुंठा स्वस्त पडला का?

आणि उद्या पोरीच्या शिक्षणाला पैसे लागले, तर विकणार कुणाला? आपल्या दौंडात घेणारे कोण असतात? रेल्वेतला कर्मचारी, एसआरपीएफचा जवान, तुझ्यासारखा कंपनीतला माणूस. त्यांच्याकडे रोख नसते, सॅलरी स्लिप असते. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मुभा देते. म्हणून कागद चोख असलेल्या पंचवीस लाखांच्या घराला दौंडात गिऱ्हाईक मिळतं. ती किंमत घेणाऱ्याच्या खिशाने नाही, बँकेने पेललेली असते. पुण्यात कोरेगाव पार्कला जा, मगरपट्ट्याला जा. तिथले श्रीमंतही बरेचदा बँकेच्या जिवावर घरं घेतात. कर्ज पंचाहत्तर लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर थांबते, उरलेलं आणि मुद्रांक शुल्क घरचं. तिथेही कर्ज महागलं की घेणारे हात आखडतात. तुझ्या गुंठ्याला तर कर्जवाला गिऱ्हाईक येणारच नाही. येईल तो रोखीवाला, आणि तो तुझी अडचण ओळखूनच भाव पाडेल. आज ज्याला तू स्वस्ताई म्हणतोस, तोच उद्या तुझा तोटा. एवढं त्रैराशिक सुटू नये?

टोकन एक्कावन्न हजार दिलंस. पर्सनल लोन मंजूर आहे, उचललेलं नाहीस. मग उचलू नकोस! उद्या सुट्टी टाक. झोन दाखला काढ, फेरफार काढ, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घे. मग बँकेत जाऊन विचार, काय काय दुरुस्त झालं तर यावर कर्ज द्याल? ते सांगतील ती यादी एजंटापुढे टाक. तो पूर्ण करेल तेव्हाच सही. टाळाटाळ करू लागला, तर टोकन परत माग. नाही दिलं, तर एक्कावन्न हजारांवर पाणी सोड, पण सहा लाख त्यात घालू नकोस. आणि बायकोला हे सगळं आजच सांग. हप्ता तिच्याही संसारातून जाणार आहे.