एस्प्लनेड आणि अंगण

कलकत्त्यास एस्प्लनेडच्या भूमिगत स्थानकातून वर आल्यावर जे विस्तीर्ण हिरवे मैदान दिसते, त्याची आपण नगराचे भूषण म्हणून वाखाणणी करतो. ‘एस्प्लनेड’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र कठोर आहे. किल्ला आणि वस्ती यांच्यामध्ये तोफेच्या माऱ्यास आड येईल असे काहीही उभे न ठेवलेली भूमी, ती एस्प्लनेड. प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला, तेव्हा गोविंदपूरची वस्ती उठविली गेली आणि जंगल तोडले गेले. मुंबईच्या कोटाबाहेरही असेच एस्प्लनेड होते. आझाद मैदान आणि ओव्हल ही त्याचीच शेषचिन्हे. दारासमोर झाड नको, कारण झाडाआडून शत्रू येईल.

याउलट रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आंबा-फणसापासून लिंबू-नारिंगापर्यंतची झाडे गडावर लावून जतन करावयास सांगते. ही निव्वळ वृक्षप्रीती नव्हे; प्रसंगी लाकूड उपयोगी पडेल हा हिशेबही तेथे स्पष्ट आहे. परंतु आरमारास लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, हा विवेकही त्याच ग्रंथात येतो.

मला हे सारे आठवले ते घरासमोरच्या दहा हात जागेमुळे. आपल्याकडे अंगणात तुळस नि प्राजक्त. केळी, पपई, आळू परसात. पूजेचे पुढे, पोटाचे मागे. फळझाड पुढे आणले की ही मर्यादा मोडते, आणि फांदी रस्त्यावर झुकली की फळ कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. शाळेतून परतणाऱ्या पोराने पेरू तोडलेला ज्यास सोसणार नाही, त्याने क्रोटन लावावे हे बरे.

नारळ मी आरंभीच वगळला. वाटसरूच्या डोक्यावर पडणाऱ्या फळाचे दायित्व लावणाऱ्याकडेच येते. जांभळाचा सडा रस्ता झाडणाऱ्या बाईंना उपसावा लागतो, म्हणजे औदार्य माझे आणि श्रम त्यांचे. कुंपणास करवंद ठरले. त्यास काटाही आहे, फळही आहे. अडचण आंब्याची. दशहरी व नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली ठेंगणी, आणि तिचे कलम तीन-चार वर्षांत फळ देते. कोयीच्या रायवळास आठ-दहा वर्षे लागतात, शिवाय फळ कसे निघेल याचा भरवसा नाही. साठी उलटलेल्या माणसाने काय लावावे? मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) सिद्ध करणाऱ्या विल्यम केरीने कलकत्त्यात कृषी व उद्यान संस्था स्थापिली ती १८२० साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. आपल्या वाट्यास किती बहर येतील, हा हिशेब त्याने मांडला असेल असे वाटत नाही.

मी आम्रपाली लावली. जागा अपुरी होती हे खरे. रायवळ लावण्याचे धैर्य झाले नाही, हे अधिक खरे. फाटकाजवळच्या पेरूची एक फांदी आताच भिंतीबाहेर गेली आहे. ती छाटावी, असा शेजाऱ्यांचा सल्ला आहे.