विकावी, प्यावी की ओतून द्यावी?

समजा, जयपूरच्या झोटवाडा भागातील एका मराठी घरी कपाट आवरताना शॅम्पेनची जुनी बाटली सापडली. वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेली भेट. आता ते नाहीत. मुलगा म्हणतो, "विकू." जावई म्हणतात, "त्यांच्या आठवणीत पिऊ."

जुनी म्हणजे मौल्यवान, असे आपल्याला वाटते. २०१० साली बाल्टिक समुद्रात बुडालेल्या जहाजातून सुमारे १७० वर्षांपूर्वीची शॅम्पेन निघाली. २०११ मध्ये तिची एक बाटली ३०,००० युरोंना विकली गेली. पण तिला समुद्रतळाचा अंधार आणि थंडावा लाभला होता. जयपूरच्या उन्हाळ्यात कपाटातली शॅम्पेन चव आणि फेस दोन्ही गमावते. शिवाय परवान्याशिवाय दारू विकणे हा गुन्हा आहे.

तरीही साधकाचा खरा प्रश्न किमतीचा नाही. भगवान बुद्धांनी उपासकांना मद्यपान वर्ज्य सांगितले, तसाच मद्याचा व्यापारही वर्ज्य सांगितला. आपण न प्यायलेला पेला पैसे घेऊन दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याग कसा? घरच्या वहीत ती रक्कम जमा दिसेल. कर्माच्या वहीत मात्र नावे पडेल.

मग वडिलांची आठवण? कदाचित त्यांनी ती बाटली एखाद्या आनंदाच्या दिवसासाठी राखली असेल. तो दिवस जरूर साजरा करा. बाटली मोरीत रिकामी करा, सगळे एका पंगतीला बसा आणि त्यांच्या नावाने एका भुकेल्याला जेवू घाला.