न जन्मलेल्यांची संमती

अंतराळातील कायमच्या वस्तीत हवा, पाणी आणि अन्न यांची चक्रे बंदिस्त असतात, आणि ती ज्याच्या ताब्यात, त्याचीच तिथे सत्ता. हवा शुद्ध करणारे एकच मोठे केंद्र स्वस्त पडते. प्रत्येक विभागाला वेगळी यंत्रणा दिली, तर कोणाचा श्वास कोणाला ओलीस धरता येत नाही. कृत्रिम गुरुत्वासाठी वस्ती फिरती ठेवायची की नाही, याचा परिणाम तिथे जन्मणाऱ्या मुलाच्या हाडांवर होईल. त्या मुलाला विचारणार कोण?

वरून आखलेली वस्ती काय असते, हे पृथ्वीवर उरणजवळच्या जासई गावाने भोगले आहे. १९७० मध्ये सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्यांना मोबदला ठरला, पण उभ्या राहणाऱ्या शहरात वाटा नव्हता. जासईच्याच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मधील पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले.

अंतराळात, उदाहरणार्थ मंगळावर, विस्थापित होणारे कोणी नाही, आणि १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला तिथे मालकी सांगता येत नाही. अन्याय झालाच तर तो पुढच्या पिढ्यांवर होईल, आणि त्यांना रस्त्यावर उतरता येणार नाही. दाराबाहेर श्वास घेण्याजोगी हवाच नाही. परतीच्या यानात त्यांच्यासाठी जागा राखणे, यंत्रणा रहिवाशांना बदलता येतील अशा ठेवणे, यांनी वजन आणि खर्च वाढतो. तो पहिल्याच रेखांकनात धरला पाहिजे.